नाव लिहिता येईना म्हणून चित्र: डेस्कटॉपवरचे आयकॉन बदलण्यामागची पार्श्वभूमी

१९९९च्या सुमारास गिरगावातल्या ज्या डीटीपीच्या दुकानात मी कामाला होतो, तिथल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर पिवळं फोल्डर औषधालाही नव्हतं. लग्नपत्रिकांना कलश, मुंजीच्या पत्रिकांना पळी-पंचपात्र, मंडळांच्या पावतीपुस्तकांना गणपती. गिऱ्हाइकांना ती हौस वाटायची. पण पत्रिकांचा मजकूर जुळवणाऱ्या आमच्या काकांना इंग्रजी वाचायला वेळ लागे, आणि त्या विंडोज ९८मध्ये फोल्डरला मराठीत नाव देता येत नसे.

याचं कारण तांत्रिक आहे. विंडोजच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक लिपीसाठी एक कोडपेज, म्हणजे कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर याचा तक्ता, लागे, आणि देवनागरीसाठी तसं कोडपेज कधी निघालंच नाही. त्या वेळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून काम भागवत. पत्रिकेत सुबक दिसणारा मजकूर फोल्डरच्या नावात टाकला की इंग्रजी अक्षरांची नुसती गिचमीड व्हायची. आयकॉनखालच्या नावांचा फॉन्ट ‘डिस्प्ले प्रॉपर्टीज’मधून बदलता यायचा, पण तो सगळ्यांचाच एकदम बदले, मग मूळ इंग्रजी नावं वाचता येईनाशी होत. उरलं फक्त चित्र.

आयकॉन जन्माला आले तेही कामाच्या माणसाला यंत्र सोपं व्हावं म्हणूनच. डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ यांनी १९७५ मध्ये स्टॅनफर्डच्या आपल्या प्रबंधात ‘आयकॉन’ हा शब्द या अर्थाने आणला. पुढे ते झेरॉक्सच्या ‘स्टार’ या कॉम्प्युटरच्या कामात होते. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या त्या यंत्राच्या पडद्यावर कचेरीतल्याच वस्तू मांडलेल्या होत्या: कागद, फोल्डर, टपालाचे ट्रे. अॅपलच्या १९८४च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी चौकटीच्या कागदावर आयकॉन काढले. आडवे ३२, उभे ३२, म्हणजे १,०२४ चौकोन, आणि रंग दोनच. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या बाईला हे काम समजावून सांगावं लागणार नाही. १९९०च्या विंडोज ३.० साठीही अनेक आयकॉन केअर यांनीच काढले.

त्या विंडोजमध्ये प्रोग्रामचं चित्र बदलता येई. निवडीसाठी ‘मोरआयकॉन्स’ नावाची चित्रांची एक वेगळी फाइलच पुढे विंडोज ३.१ सोबत मिळायची. पण ज्यांना आपण ‘सिस्टीम आयकॉन’ म्हणतो ते माय कॉम्प्युटर आणि रीसायकल बिन डेस्कटॉपवर येऊन बसले ते २४ ऑगस्ट १९९५ला आलेल्या विंडोज ९५ बरोबर. अशी बरीचशी चित्रं विंडोजच्या ‘शेल३२’ या डीएलएल फाइलमध्ये साठवलेली होती आणि कुठल्या वस्तूला कुठलं चित्र याची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या खातेवहीत. ते बदलायला रजिस्ट्रीत हात घालावा लागे, नाहीतर वेगळं विकलं जाणारं ‘प्लस’ हे पॅकेज घ्यावं लागे. विंडोज ९८ने ‘इफेक्ट्स’ नावाच्या टॅबमध्ये ही सोय सर्वांना खुली केली. रीसायकल बिनला तिथे दोन चित्रं लागत, एक रिकाम्या पेटीचं आणि एक भरलेल्या.

आमचा पहिला कलश मी विंडोजसोबत येणाऱ्या ‘पेंट’ या चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये काढला. ३२ बाय ३२चं चित्र सेव्ह केलं, फाइलचं शेपूट बदलून ‘आयको’ केलं, आणि विंडोजने ते स्वीकारलंही. पण कलशाभोवती पांढरा चौकोन तसाच राहिला. आयको फाइलमध्ये खरं तर चित्रासोबत एक मुखवटा असतो. कुठला ठिपका दाखवायचा आणि कुठल्या ठिपक्यातून मागचा पडदा दिसू द्यायचा, हे तो मुखवटा ठरवतो. पेंटच्या चित्रात मुखवटा नसतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या एका सीडीत आयकॉन एडिटर मिळाला तेव्हा तो पांढरा चौकोन गेला.

मग बाणाची पाळी. फोल्डरचा शॉर्टकट, म्हणजे मूळ फोल्डर उघडणारी खूण, करून त्याचं चित्र बदलणं सोपं होतं, पण शॉर्टकटच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण येतोच. “कलशाला हे काय चिकटलंय रे?” काकांनी विचारलं. लग्नाच्या कलशाला असं काही चिकटलेलं त्यांना चालणार नव्हतं, आणि मला ते पटलं. शेल३२ मधल्या चित्रांना क्रमांक असतात; बंद फोल्डर ३, बाण २९. रजिस्ट्रीत ‘शेल आयकॉन्स’ नावाचा एक कप्पा करून २९ला पूर्ण पारदर्शक चित्र जोडलं. तरी बाण हलेना, कारण विंडोज आयकॉनची एक प्रत कॅशमध्ये, म्हणजे झटपट दाखवण्यासाठीच्या साठ्यात, ठेवून देतं. ती लपलेली फाइल पुसून मशीन पुन्हा सुरू केलं, तेव्हा कलश मोकळा झाला. काकांनी त्या दिवशी सगळ्यांना कटिंग पाजला.

पुढची वाट मुख्यतः आकाराची आणि रंगांची. २००१च्या एक्सपीत आयकॉनच्या कडा अर्धपारदर्शक होऊ शकल्या, व्हिस्टात आकार २५६ बाय २५६ झाला. माझ्या लेखी मोठी गोष्ट त्याआधीच घडली होती. विंडोज २०००मध्ये युनिकोडमधून, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच सामायिक तक्त्यातून, देवनागरी आली आणि फोल्डरला मराठी नाव देता येऊ लागलं.

आज विंडोज ११मध्ये ‘पर्सनलायझेशन’, मग ‘थीम्स’, मग ‘डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज’ असं गेलं की जुन्या वळणाची छोटी खिडकी उघडते. रिकामी आणि भरलेली पेटी तिथे अजूनही वेगवेगळी आहे. थीमला (पडद्याच्या सजावटीच्या संचाला) आयकॉन बदलू देण्याची खूण मात्र आधी काढून टाकावी, नाहीतर थीम बदलली की आपलं चित्रही जायचं.

आमची कलशाची आयको फाइल मी जपून ठेवली आहे. सोळा रंगांची, ३२ बाय ३२ची. आजच्या पडद्यावर तिचे चौकोन मोजता येतात इतकी ती भरड दिसते, पण चालते. तिच्याखाली आता ‘लग्नपत्रिका’ असं लिहिलेलं आहे.