नर्सिंग शिक्षणातला ताण: पार्श्वभूमी

लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये १८६० साली नाइटिंगेल यांच्या नावाची परिचारिकांची शाळा सुरू झाली. शिकाऊ मुलींबद्दल दरमहा शेरा लिहिला जाई. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप असे रकाने असत. मुलगी किती थकली, यासाठी रकाना नव्हता. ताण सोसवत नसेल तर मुलीतच काहीतरी कमी आहे, हा समज पुढे कितीतरी वर्षं टिकला.

त्याला खरा धक्का दिला तो मनोविश्लेषक इझाबेल मेंझिस यांच्या १९६० मधल्या अभ्यासाने. लंडनच्या एका टीचिंग हॉस्पिटलमध्ये वॉर्डाला मनुष्यबळ पुरवायचं की मुलींना शिकवायचं, याचा मेळ बसेना, म्हणून त्यांना बोलावलं होतं. सुमारे ७०० जणींमध्ये पूर्ण प्रशिक्षित साधारण १५०. बाकी सगळ्या विद्यार्थिनी. एक तृतीयांश मुली शिक्षण अर्ध्यावर सोडत, आणि त्यांत चांगल्या मुलीही बऱ्याच असत. मेंझिस यांना दिसलं ते असं: रुग्ण कुणा एकीकडे सोपवलेला नसे, कामांची यादी सोपवलेली असे. एकीने तीस जणांचं तेच एक काम करायचं. रुग्णाला नावाऐवजी ‘दहा नंबरच्या खाटेवरचं लिव्हर’ म्हणायचं. ओळख होते न होते तोच वॉर्ड बदलायचा. हे सगळं मृत्यू आणि वेदनेची झळ लागू नये म्हणून रुजलं होतं, पण त्यामुळे भीती निवत नसे आणि माणूस बरा होताना पाहण्याचं समाधानही हातचं जाई. आजही कुठल्याही कॉलेजने आधी हाच अभ्यास वाचावा, योगासनांचं वेळापत्रक नंतर लावावं.

१९७४ मध्ये अमेरिकन नर्सिंग संशोधक मार्लिन क्रेमर यांनी वर्गात शिकवलेलं आणि वॉर्डात चालणारं यांतल्या तफावतीचा नव्या परिचारिकांना बसणारा धक्का मांडला. १९८१ मध्ये मानसशास्त्रज्ञ मास्लाक आणि जॅक्सन यांची बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने पार गळून जाणं, मोजणारी २२ प्रश्नांची मापनपट्टी आली; भावनिक थकवा, रुग्णाबद्दलचा कोरडेपणा आणि ‘आपल्या हातून काही होत नाही’ ही भावना ती वेगवेगळी मोजते. अमेरिकेत २०२१ च्या नर्सिंग अभ्यासक्रम-आराखड्यात स्वतःचं आरोग्य जपणं ही रीतसर क्षमता ठरली.

आपल्याकडे शिकाऊ मुलगी म्हणजे वॉर्डातला हक्काचा हात, ही सवय जुनी आहे. कोणी कधी कुठल्या वॉर्डात जायचं, त्या रोटेशनच्या तक्त्यात रिकाम्या जागा आधी भरतात, शिकण्याची उद्दिष्टं नंतर येतात. नाइट ड्युटी संपवून मुलगी तशीच लेक्चरला बसते. ट्यूटरचंही तेच: वर्ग, वॉर्डातली देखरेख, केस स्टडी आणि जर्नल तपासणं, शिवाय इंटर्नल मार्क. त्यामुळे मुलीने मन मोकळं करायचं ते मार्क देणाऱ्या व्यक्तीपाशीच. ती गप्पच राहते.

पहिला मृत्यू पाहिल्यावर सगळ्यांना बसवून सक्तीने एकदा बोलतं केल्याने पुढचा त्रास टळत नाही, हे संशोधनातून स्पष्ट झालं आहे. त्याच शिफ्टमध्ये दहा-पंधरा मिनिटं मोकळीक, पाणी, ‘पुढचा रुग्ण मी बघते’ म्हणणारी सिस्टर, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा विचारपूस, हे जास्त उपयोगी.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं. नर्सिंग कॉलेजात अडचण येते ती वेळेची: समुपदेशक दहा ते चार बसले, तर मुली तेव्हा वॉर्डातल्या पोस्टिंगवर असतात. संध्याकाळी हॉस्टेलजवळ दोन तास, आणि नोंदी प्राचार्यांकडे जाणार नाहीत याची लेखी हमी, एवढं तरी आधी ठरवावं लागतं. रात्री-अपरात्रीसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तो नोटीस बोर्डाबरोबर नर्सेस स्टेशनवरही लावावा.