तळमजला भरलेला आहे

गेल्या महिन्यात आमच्या ठाण्याच्या घरात इस्त्रीचा पॉइंट जळाला. वायरमन आला, बोर्ड उघडला, काळी पडलेली वायर कापून काढली. "अडीचची टाकतो काका, इस्त्रीला दीडची पुरत नाही," म्हणत त्यानं नव्या वायरीचं टोक पकडीनं सोललं. आतलं तांबं अगदी लख्ख. मला राहवलं नाही. म्हटलं, "या तारेतला इलेक्ट्रॉन इस्त्रीपर्यंत पोचतच नाही, माहितीये?"

त्यानं पकड खाली ठेवली. "मग बिल कसलं भरायचं?"

प्रश्न रास्त आहे. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होते. एक किलोवॅटची इस्त्री लावली, की त्या अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेतली इलेक्ट्रॉनांची गर्दी जेमतेम एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, इकडून तिकडे झुलते. केसाच्या जाडीपुढेही हे काहीच नाही. बटण दाबल्यावर प्रकाशाच्या जवळपास वेगानं धावतो तो विद्युतक्षेत्राचा धक्का. बिल त्या धक्क्यातून आलेल्या ऊर्जेचं. इलेक्ट्रॉन जागच्या जागी.

पण हे अर्धंच खरं. बटण बंद असतानाही त्या तारेतले सगळ्यात चपळ इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे 1,570 किलोमीटर वेगानं वाटेल त्या दिशेनं धावत असतात. ठाणे ते बोरीबंदर हे 34 किलोमीटर, 1853 साली पहिली आगगाडी धावली तेवढं अंतर, त्यांना सेकंदाचा पंचेचाळिसावा भाग पुरेल. जितके एका दिशेला तितकेच उलट दिशेला, म्हणून गोळाबेरीज शून्य. वायूच्या कणांना उष्णतेनं एवढी ऊर्जा द्यायची, तर तो 50,000 अंशांहून जास्त तापवावा लागेल. सूर्याचा पृष्ठभागसुद्धा साडेपाच हजारांच्या आसपास. आणि तार तर हाताला गार लागते!

याची मेख 1925 साली भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउलीनं मांडलेल्या अपवर्जन तत्त्वात आहे. घोडबंदर रोडवरचा एखादा टॉवर डोळ्यांपुढे आणा; त्याचे मजले म्हणजे ऊर्जेच्या पातळ्या. प्रत्येक मजल्यावर दोनच फ्लॅट, आणि एका फ्लॅटमध्ये एकच इलेक्ट्रॉन. (एका मजल्यावरच्या दोघांची फिरकी उलटसुलट असते, एवढाच त्यांच्यातला फरक.) आपल्याकडे वरच्या मजल्याला जास्त भाव. इलेक्ट्रॉनांचं उलटं, प्रत्येकाला तळमजला हवा. पण तळमजल्यावर दोघे राहायला आले की तो भरला, तिसऱ्यानं पहिल्या मजल्यावर जायचं. एक घनसेंटिमीटर तांब्यात असे मोकळे इलेक्ट्रॉन पंच्याऐंशी कोटी कोटी कोटी. शेवटी येणाऱ्याला किती उंच चढावं लागत असेल! ती उंची म्हणजेच त्याचा वेग.

मग चटका का बसत नाही? कारण वरच्याला ऊर्जा सोडून खाली यायचं असलं तरी खाली जागाच नाही. तारेला बाहेरून उष्णता दिली, तरी मधल्या मजल्यांवरचे हलत नाहीत, कारण त्यांच्या लगतचे मजले भरलेले. हालचाल काय ती गच्चीलगतच्या थोड्यांची. इलेक्ट्रॉन एवढे असूनही धातू तापताना त्यांच्या वाट्याची उष्णता इतकी कमी का, हे कोडं बरीच वर्षं छळत होतं. आर्नोल्ड झोमरफेल्डनं 1927च्या सुमारास ते याच हिशोबानं सोडवलं.

आता हा टॉवर चारी बाजूंनी दाबा. क्वांटम नियमानुसार, म्हणजे सूक्ष्म कणांच्या नियमानुसार, जागा आकसली की मजल्यांमधलं अंतर वाढतं, प्रत्येक बिऱ्हाड आणखी उंच ढकललं जातं. त्याला ऊर्जा लागते, म्हणून गर्दी दाबाला विरोध करते. तापमानाशी या विरोधाचा संबंध नाही. जळण संपलेले तारे याच जोरावर तग धरतात. त्यांना श्वेत बटू म्हणतात.

त्यातला एक आपल्या डोक्यावरच असतो. जानेवारीत ठाण्याच्या दिव्यांच्या झगमगाटातही व्याध सहज दिसतो. त्याचा सोबती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दुर्बिणी बनवणाऱ्या अल्वन ग्रॅहम क्लार्कला तो 1862 मध्ये नवी दुर्बीण तपासताना दिसला. वजन सूर्याएवढं, आकार पृथ्वीएवढा. त्यातला खडीसाखरेच्या खड्याएवढा तुकडा दोन टनांहून जड भरेल.

पण गर्दीच्या सहनशक्तीलाही हद्द आहे. ठाण्याची खाडी जिथे समुद्राला मिळते, त्या मुंबई बंदरातून 31 जुलै 1930 रोजी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हा 19 वर्षांचा मुलगा बोटीनं युरोपला निघाला. प्रवासात त्यानं हिशोब मांडला: तारा जड असेल तर वरच्या मजल्यांवरच्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या जवळ जातो, आणि मग आणखी दाबलं तरी विरोध पुरेसा वाढत नाही. एका मर्यादेहून, आजच्या हिशोबानं सूर्याच्या 1.4 पटींहून, जड श्वेत बटू टिकूच शकत नाही. हाताशी प्रयोगशाळा नाही, दुर्बीण नाही. सैद्धांतिक संशोधन म्हणजे नेमकं काय, असं कोणी विचारलं की मी ही बोट दाखवतो.

जानेवारी 1935 मध्ये लंडनच्या सभेत नामवंत खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टननं या निष्कर्षाची जाहीर टर उडवली. त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण मला त्यातली दुसरीच गंमत दिसते. हे खरं मानलं तर तारा आकसतच जाईल, हे त्याला बाकीच्यांआधी कळलं होतं. आज ज्याला कृष्णविवर म्हणतात ते त्यानं पाहिलं, आणि असं होणं शक्यच नाही म्हणून झिडकारलं. चंद्रशेखरांना नोबेल मिळालं 1983 साली.

या मर्यादेचा पुढे वेगळाच उपयोग झाला. जोडीदाराकडून वायू ओढत मर्यादेजवळ पोचलेला श्वेत बटू फुटतो. काही वेळा दोन श्वेत बटू एकमेकांवर आदळूनही असाच स्फोट होतो. या जातीच्या स्फोटांची तेजस्विता, थोडी दुरुस्ती केली की, जवळपास सारखी भरते. मूळ दिवा किती प्रखर ते ठाऊक असलं की मंद दिसण्यावरून अंतर काढता येतं. 1998 साली दोन गटांनी दूरचे असे स्फोट मोजले, तर ते अपेक्षेपेक्षा मंद निघाले, म्हणजे जास्त लांब. विश्वाचं प्रसरण मंदावत नसून वाढत्या वेगानं चाललंय. हे घडवणाऱ्या अज्ञात गोष्टीला डार्क एनर्जी असं नाव पडलं. विश्वाच्या एकूण ऊर्जेत तिचा वाटा सुमारे 70 टक्के.

ही ऊर्जा रिकाम्या अवकाशाचीच असेल का? क्वांटम सिद्धांतानं ढोबळ आकडा काढून पाहिला, तर तो निरीक्षणापेक्षा 1 वर 120 शून्यं इतक्या पटींनी मोठा येतो. तांब्याच्या तारेत आणि मेलेल्या ताऱ्यात अब्जावधी बिऱ्हाडांचा हिशोब चोख लावणारा हा सिद्धांत कोणीच राहत नसलेल्या घराच्या हिशोबात असा अडकून बसलाय.

वायरमनला हे सगळं सांगितलं नाही. त्यानं बोर्डाचा शेवटचा स्क्रू आवळला, टेस्टर लावून पाहिला, म्हणाला, "काका, येत नसेल इलेक्ट्रॉन, पण लाइट आली."