बॉटला सगळंच कळायला हवं असं नाही

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकच्या पंचवटीत क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) कोण विचारतंय, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं ते सांगा, गुडघा, कंबर का छाती, बास! मधल्या इंचाइंचाशी कुणाला देणंघेणं नसतं. बॉट, म्हणजे आपोआप मेसेज घेणारा-देणारा प्रोग्रॅम, लिहितानाही हेच करायचं असतं.

समजा टेलिग्रामवर पुराचा अलर्ट देणारा बॉट केलाय. टेलिग्राम त्याला नुसते मेसेज पाठवत नाही, कुणी मेसेज एडिट केला, बटण दाबलं, तेही येत राहतं. हे सगळं घेऊन मग कोडमध्ये 'इफ' लावून फेकत बसण्यापेक्षा सर्व्हरलाच आधी यादी द्यायची की मला फक्त हे पाठव, त्या सेटिंगला अलाउड अपडेट्स म्हणतात. गंमत अशी की यादीत 'कॉलबॅक क्वेरी' (म्हणजे बटण दाबल्याची खबर) घालायची राहिली तर बॉटची बटणं दाबून काहीच होत नाही आणि एररही येत नाही. आणि ती ओळ कोडमधून उडवली तरी जुनी यादी सर्व्हरवर तशीच चालू राहते, नवीन द्यावीच लागते.

डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर अशा यादीलाच इंटेंट्स म्हणतात, तिथे 2022 पासून मेसेजचा मजकूर वाचायचा इंटेंट वेगळा मागावा लागतो, जे मला तरी बरोबर वाटतं, अलर्टवाल्या बॉटला लोकांच्या गप्पा कशाला पाहिजेत? तिथे बॉटचा स्वतःचा मेसेजही इव्हेंट म्हणून परत येतो, म्हणून पाठवणारा बॉट असेल तर उत्तर न देता तिथूनच परत फिरायचं, नाहीतर तो स्वतःलाच उत्तरं देत सुटतो.

खरी डोकेदुखी मात्र आकड्यांची. 5000 क्युसेकला अलर्ट ठेवला आणि आकडा 4990, 5010, 4995, 5005 असा नाचला तर ग्रुपवाले तासाभरात बॉट म्यूट करणार, मग खरा पूर आला तरी कोण बघतंय. उपाय सोपाय, चढताना 5000, उतरताना 4500 अशा दोन रेषा ठेवायच्या, म्हणजे एकदा अलर्ट गेला की आकडा 4500 च्या खाली येईपर्यंत नवा नाही, आणि आत्ता आपण कुठल्या बाजूला आहोत ते फाइलमध्ये लिहून ठेवायचं, म्हणजे बॉट रिस्टार्ट झाला तरी तोच अलर्ट परत जात नाही.

आणि पावसात लाइट जाणारच. बॉट बंद असताना आलेले अपडेट टेलिग्राम 24 तासांपर्यंत धरून ठेवतं, सकाळी बॉट उठला की रात्री दोनला कुणी विचारलेल्या 'पाणी किती'ला नऊ वाजता उत्तर देणार, तेही आत्ताच्या आकड्याने. म्हणून मेसेजची वेळ तपासायची, फार जुना असला तर सरळ सोडून द्यायचा.