मनकवडे आणि ऐकणारे

पुणेरी पाटी म्हटलं की खवचटपणाच आठवतो. पण या शहरात एकेकाळी अगदी उलट्या स्वभावाची एक पाटी लागली होती. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी घराच्या आवारातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि तशा जाहिराती ब्राह्मण वस्तीतल्या भिंतींवर चिकटवल्या. आशय असा: विधवांनो, इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल नेणं-न नेणं तुमच्या खुशीवर. त्याआधी काशीबाई नावाच्या विधवेने, जोतीरावांच्या मित्राकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईने, बदनामीच्या भीतीने आपलं मूल मारलं होतं आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची झाली होती. न्यायालयाला गुन्हा दिसला, फुल्यांना त्यामागची भीती दिसली. 1884 मध्ये जोतीरावांनी लिहून ठेवलं की तोवर 35 विधवा या गृहात आल्या होत्या.

या पाटीकडे मी पुन्हा पुन्हा येतो, कारण भावनिक आधाराचं जे शास्त्र पुढे आलं त्याचं मर्म तिच्यात आहे: आधी दार उघडा, जाब विचारू नका.

न सांगता दुसऱ्याच्या मनातलं ओळखणाऱ्याला आपण मनकवडा म्हणतो. काव्यशास्त्रातला ‘सहृदय’ त्याचाच शहाणा भाऊ. युरोपात ही कल्पना कलेच्या वाटेनेच आली. रॉबर्ट फिशर या जर्मन अभ्यासकाने 1873 मध्ये चित्रात किंवा वास्तूत आपण भावनेने कसे ‘शिरतो’ हे सांगताना ‘आइनफ्यूलुंग’ हा शब्द वापरला. 1909 मध्ये एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने त्याचा इंग्रजीत ‘एम्पथी’ केला. तिला मराठीत समानुभूती म्हणतात. सहानुभूतीत कणव असते, इथे पाय दुसऱ्याच्या चपलेत घालायचा असतो. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1957 मध्ये तिला एक अट घातली. समोरच्याचं दुःख ‘जणू’ आपलंच असं जाणवावं, पण तो ‘जणू’ सुटता कामा नये. तो सुटला की ऐकणाराच रडू लागतो आणि सांगणाऱ्यावर त्याची समजूत काढायची वेळ येते. (मयताच्या घरी भेटायला जाणारे असे नातेवाईक प्रत्येकाने पाहिलेले आहेत.)

अंतःप्रेरणेचंही तसंच. ‘मला आतून कळतं’ हे वाक्य मदतीचं असू शकतं, धोक्याचंही. डॅनियल काहनमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये मांडलं ते पटतं: चूक कुठे झाली हे जिथे पुन्हा पुन्हा कळत राहतं, तिथेच अशी जाण मुरते. म्हणून चांगला समुपदेशक आपला अंदाज सांगून मोकळा होत नाही, विचारतो: असं वाटतंय का तुम्हाला?

पुण्यात ही जाण मुरली ती येरवड्यात. इथलं प्रादेशिक मनोरुग्णालय 2540 खाटांचं. बरीच वर्षं ‘येरवड्याला पाठवू’ ही चेष्टा होती, नाहीतर धमकी. त्याच आवारात 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचट तिथल्याच मनोविकारतज्ज्ञ. गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर अनिल अवचटांनी लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि केंद्र उभं राहिलं. मुक्तांगणची खरी गंमत मला वाटते ती अशी, की व्यसनातून बाहेर आलेलेच पुढे इतरांना सांभाळू लागले. ‘उद्यापासून सोडतो’ यातला खोटेपणा त्यांना लगेच ऐकू येतो, कारण तो त्यांनी स्वतः उच्चारलेला असतो. त्यांच्या अंतःप्रेरणेला अनुभवाचा पुरावा आहे. रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट निघाला, कारण घरातली जखम एकट्या पिणाऱ्याची नसते.

2005 मध्ये पुण्यात ‘कनेक्टिंग’ ही संस्था सुरू झाली. आत्महत्येचा विचार मनात येणाऱ्यांचा फोन प्रशिक्षित स्वयंसेवक घेतात आणि सल्ला न देता ऐकतात. सल्ला द्यायची खोड मोडणं हेच बहुधा त्यांच्या प्रशिक्षणातलं सगळ्यात अवघड काम असणार. निदान पुण्यात तरी.

कायदा या सगळ्याच्या बराच मागून आला. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याच्या कलम 115 नुसार, उलट सिद्ध होत नाही तोवर, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरायचं, आणि तिला शिक्षा करायची नाही. काशीबाईच्या न्यायाधीशापुढे असं काही धरून चालायला सांगणारं कलम नव्हतं.