आउग्सबुर्गला कधी जायचं? आधी तिथल्या कॅलेंडरची गोष्ट

म्युनिकला राहणारी आपली मंडळी घरून पाहुणे आले की त्यांना राजवाडे दाखवतात, आल्प्स दाखवतात, आणि ट्रेनने जेमतेम 30 ते 40 मिनिटांवर असलेलं आउग्सबुर्ग राहूनच जातं. कोणी गेलंच तर पहिला प्रश्न हवामानाचा, कुठला महिना बरा, थंडी किती असते वगैरे. मला वाटतं या शहराच्या बाबतीत प्रश्न जरा वेगळा विचारायला हवा, कारण इथलं वर्ष हवामानाने कमी आणि भांडणं, तह, व्यापार आणि पाण्याने जास्त घडवलंय. अख्ख्या जर्मनीत इतर कुठेच नाही अशी एक सुट्टी इथे आहे, 8 ऑगस्टच्या शांतीच्या सणाची, आणि ती का आहे हे कळलं की बाकीचं प्लॅनिंग सोपं होतं.

सुरुवात अगदी थोडक्यात. इ.स.पू. 15 च्या सुमारास रोमन सम्राट ऑगस्टसच्या दोन सावत्र मुलांनी, द्रुसस आणि तिबेरियसने, आल्प्सपलीकडचा हा मुलुख जिंकला, लेश आणि वेर्टाख या दोन नद्यांच्या मधे छावणी पडली आणि पुढे तीच एका रोमन प्रांताची राजधानी झाली. शहराच्या नावात अजून ऑगस्टस आहे. आणि हो, आज नकाशात हे बव्हेरियात दिसतं पण शतकानुशतकं ते बव्हेरियाचं नव्हतंच, जर्मन सम्राटाच्या थेट अखत्यारीतलं स्वतंत्र शहर होतं, बव्हेरियात आलं ते 1806 च्या सुमारास नेपोलियनच्या धामधुमीत. लेश ओलांडली की लगेच फ्रीडबेर्ग लागतं, ते बव्हेरियाच्या ड्यूकने 1264 मधे सीमेवर बसवलेलं गाव. म्हणजे नदीच्या एका काठाला बव्हेरियन आणि दुसऱ्या काठाला श्वाबियन (नैऋत्य जर्मनीतल्या श्वाबिया भागातले), आजही इथली बोली आणि जेवण श्वाबियन आहे, त्यामुळे शाकाहारी माणसाला चीज घातलेलं केझेश्पेट्झले (एक प्रकारच्या नूडल्स) कुठेही मिळतं, उपाशी राहायची वेळ येत नाही.

आता मुख्य काळ, 1500 च्या आसपासचा. 1367 मधे हान्स फुगर नावाचा विणकर जवळच्या खेड्यातून इथे आला, त्याच्या नातवापर्यंत, म्हणजे याकोब फुगरपर्यंत (1459 ते 1525), हे घराणं युरोपातलं सगळ्यात मोठं सावकार घराणं झालं. 1519 मधे पाचव्या चार्ल्सला सम्राट म्हणून निवडून आणायला साडेआठ लाख गिल्डर (तेव्हाची सोन्याची नाणी) लागले, त्यातले पाच लाखांहून जास्त एकट्या फुगरने दिले. चांदी आणि तांब्याच्या खाणी त्याच्या हातात, आणि ते तांबं अँटवर्प, लिस्बनमार्गे जहाजात चढून थेट मलबारला यायचं, मिरीच्या बदल्यात. इथे आपला खराखुरा संबंध लागतो बघा. 1505 मधे फ्रान्सिस्को द आल्मेइदाचं जे आरमार लिस्बनहून निघालं त्यात आउग्सबुर्गच्या वेल्झर आणि फुगर घराण्यांचे पैसे होते, त्यांच्या माणसांपैकी बाल्थासार श्प्रिंगर त्या सफरीवर होता आणि परत जाऊन त्याने प्रवासवर्णन छापलं. ते आरमार सप्टेंबरात अंजदीव बेटावर थांबलं, हो तेच, कारवारसमोरचं, आजच्या गोव्याच्या हद्दीतलं. नंतर 1587 मधे आउग्सबुर्गचाच फर्डिनांड क्रोन याच दोन घराण्यांचा एजंट म्हणून भारतात आला आणि पुढे गोव्यात बडा व्यापारी झाला. आणि हान्स बुर्कमायर या आउग्सबुर्गच्या चित्रकाराने 1508 मधे कधी इकडे पाऊलही न ठेवता आफ्रिका आणि भारतातल्या लोकांची लाकडी ठशांची चित्रं काढली, कोचीनच्या राजाच्या मिरवणुकीसकट! शहरात फुगर आणि वेल्झर यांच्यावर एक म्युझियम आहे तिथे हा सगळा व्यापार नीट समजतो, कोकण किंवा गोव्याकडचं कोणी बरोबर असेल तर त्यांना नक्की न्या.

याच याकोब फुगरने 1521 मधे गरीब पण कष्टाळू अशा कॅथलिक गावकऱ्यांसाठी घरांची वसाहत बांधली, फुगराय. भाडं वर्षाला एक ऱ्हाइनिश गिल्डर, आणि ते कधीच वाढवलं नाही, आजच्या हिशोबात ते होतं वर्षाचे 88 सेंट. महिन्याचे नाही, वर्षाचे. बदल्यात दिवसातून तीन प्रार्थना म्हणायच्या. दीडशेच्या आसपास माणसं आजही तिथे राहतात, दारावरची घंटा ओढायच्या मुठी प्रत्येक घराच्या वेगळ्या आकाराच्या आहेत म्हणजे रात्री अंधारात हाताने चाचपून आपलं घर ओळखता यावं, आणि रात्री 10 ला फाटक बंद, उशीर झाला तर रहिवाशाला पहारेकऱ्याला थोडे पैसे द्यावे लागतात. संगीतकार मोत्झार्टचा पणजोबा फ्रान्झ, गवंडी होता तो, परिस्थिती खालावल्यावर इथेच राहायला आला होता. फुगराय वर्षभर बघता येते, फक्त हिवाळ्यात लवकर बंद होते, आणि लोकांची खरीखुरी घरं आहेत ती, तेव्हा खिडकीतून आत डोकावून फोटो काढू नका प्लीज.

पैसा होता म्हणून सम्राट यायचे, सम्राट यायचे म्हणून मोठ्या सभा इथे भरायच्या, आणि म्हणून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हे धर्माचं भांडणही इथेच आलं. 1518 च्या ऑक्टोबरात प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरला पोपचा दूत कार्डिनल कायेटानसमोर इथे उभं केलं, तेव्हा तो सेंट अ‍ॅनाच्या मठात राहिला होता. 25 जून 1530 ला प्रोटेस्टंटांनी आपलं श्रद्धापत्र सम्राटासमोर इथे वाचलं. 1555 मधे दोन्ही पंथांमधे तह झाला तोही इथेच, पण तो टिकणारा नव्हता. आणि मधे एक प्रकरण घडलं जे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1583 मधे नगरपरिषदेने पोपने सुधारलेलं नवीन कॅलेंडर लागू केलं, आजूबाजूच्या कॅथलिक मुलखाशी व्यापार करायचा तर तारखा जुळायला हव्यात हे त्यांचं कारण, पण शहरातले बहुसंख्य प्रोटेस्टंट म्हणाले पोपचं कॅलेंडर आम्ही का मानायचं, सण कधी करायचा हे तुम्ही कोण ठरवणार, आणि 1584 मधे परिषदेने त्यांच्या एका मोठ्या पाद्रीला हद्दपार करायचं ठरवल्यावर लोक रस्त्यावर उतरले. आज तारीख काय, यावरून पेटलेलं शहर आहे हे! पंचांगावरून वाद आपल्यालाही नवीन नाहीत, त्यामुळे हे आपल्याला कळायला फार कष्ट पडत नाहीत.

मग याच भांडणातून पेटलेलं 30 वर्षांचं युद्ध (1618 ते 1648). 8 ऑगस्ट 1629 ला सम्राटाच्या हुकुमावरून प्रोटेस्टंट पाद्र्यांना काढून टाकलं, त्यांची उपासना बंद केली, पुढे कित्येक वर्षं लोक उघड्या अंगणात जमून प्रार्थना करायचे. स्वीडिश सैन्य आलं, वेढे पडले, भूक, साथी, निम्म्याहून जास्त लोकसंख्या गेली. 1648 मधे वेस्टफालियाचा तह झाला आणि शहरात दोन्ही पंथांना बरोबरीचा हक्क मिळाला, इतका काटेकोर की सरकारी पदंही सारखी वाटून घ्यायची. सेंट उलरिख चर्चजवळ गेलात तर ही बरोबरी डोळ्यांनी दिसते, मोठं कॅथलिक चर्च आणि त्याला अगदी चिकटून उभं प्रोटेस्टंट चर्च. तर 1650 मधे प्रोटेस्टंटांनी पहिला शांतीचा सण साजरा केला, आणि दिवस कुठला निवडला, तर 8 ऑगस्टच, ज्या दिवशी आपल्यावर बंदी आली तोच. हा दिवस निवडण्यात जे धैर्य आहे ते मला आजही हलवून जातं. नंतर सण कॅथलिकांचाही झाला, आता सगळ्या धर्मांचा आहे, 1950 पासून कायद्याने सुट्टी, पण फक्त आउग्सबुर्ग शहराच्या हद्दीत. नदीपलीकडे फ्रीडबेर्गला दुकानं उघडी आणि इकडे सगळं बंद.

ऑगस्ट जमत नसेल तर बाकीच्या वर्षातही बरंच आहे. पाणी बघायचं असेल तर मे ते सप्टेंबर. इथली जलव्यवस्था 2019 मधे युनेस्कोच्या यादीत गेली, लाल दरवाजाजवळचे जुने जलमनोरे (त्यातली सुरुवात 1416 ची), लेशचे कालवे आणि विणकर, चामडंवाले यांच्या गल्ल्या, आणि 1545 पासून पिण्याचं पाणी आणि नदीचं पाणी वेगळं ठेवायची शिस्त. ऑगस्टस, मर्क्युरी आणि हर्क्युलिसची तीन मोठी कारंजी 1588 ते 1600 या काळात झाली, पण थंडीत कारंज्यांचं पाणी बंद असतं, त्यामुळे जानेवारीत येऊन निराश होऊ नका, काही मूळ ब्राँझच्या मूर्ती माक्सिमिलियान म्युझियमच्या काचेच्या छताखाली जवळून बघता येतात. मुलं असतील तर आइसकनाल, 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमधे कनू स्लालॉम (खळाळत्या पाण्यातली होड्यांची शर्यत) पहिल्यांदा खेळला गेला तो याच कालव्यावर.

ऑगस्टअखेर आणि सप्टेंबर म्हणजे प्लमचा मौसम, पातळ पिठावर प्लमच्या फोडी दाटीवाटीने लावून केलेला दाच्ची केक हा या शहराचा इतका लाडका की शहराला टोपणनाव दाच्चीबुर्ग. 29 सप्टेंबरला सेंट मायकलचा दिवस, पेरलाख मनोऱ्याच्या खिडकीत देवदूत मायकलचा पुतळा येतो आणि दर तासाला घंटेच्या ठोक्याबरोबर सैतानाला भाल्याने टोचतो, खाली चौकात पोरं मोठ्याने ठोके मोजतात. 1526 पासूनची प्रथा आहे ही. मनोरा काही वर्षं दुरुस्तीसाठी बंद होता, त्यामुळे कार्यक्रम कुठे आहे ते जायच्या आधी बघून घ्या. याच सुमारास आणि ईस्टरला अशी वर्षातून दोनदा जुन्या तटबंदीच्या कडेने डुल्ट नावाची जत्रा लागते, भांडी, ब्रश, मसाले, जॅकेट, सगळं, मध्ययुगातल्या बाजारांचीच परंपरा.

डिसेंबरमधला ख्रिसमस बाजार 1498 च्या कागदांमधे सापडतो, तेव्हा मधाचे केक विकणाऱ्यांचा बाजार म्हणून. वीकेंडला संध्याकाळी एलिआस होलने बांधलेल्या टाऊन हॉलच्या खिडक्यांमधे देवदूतांच्या वेशातले लोक उभे राहून वाद्यं वाजवतात, गर्दी प्रचंड असते, लहान मुलांना घट्ट धरा. आणि फेब्रुवारी. लोक टाळतात हा महिना, मी टाळत नाही. 25 आणि 26 फेब्रुवारी 1944 ला शहरावर बॉम्ब पडले, थंडी इतकी की आग विझवायचं पाणी गोठलं, टाऊन हॉलचं सोनेरी दालन जळालं, फुगरायचा बराचसा भाग गेला. दालन पुन्हा उभं राहिलं ते थेट 1985 मधे, शहराच्या 2000 व्या वर्षी. फुगरायमधे युद्धातला बंकर आता बघता येतो, आणि तो थंडीतच बघावा. मुलांना बरं वाटायला कठपुतळ्यांचं पुपनकिस्ट थिएटर आहे, तेही 1948 च्या फेब्रुवारीतच, त्या ढिगाऱ्यांच्या शहरात सुरू झालं. तिकिटं मात्र फार आधी काढावी लागतात.

तरी मला कोणी एकच तारीख विचारली तर मी 7 ऑगस्टची संध्याकाळ सांगेन. त्या दिवशी पोचा, दूध, ब्रेड, काय लागेल ते रात्री 8 च्या आत घेऊन ठेवा कारण दुसऱ्या दिवशी सुपरमार्केट उघडणार नाही. सकाळी उलरिखची दोन्ही चर्च बघा आणि मग टाऊन हॉलसमोरच्या चौकात जा. तिथे लांबच लांब टेबलं लागतात आणि लोक घरून करून आणलेलं शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला वाढतात, तेव्हा तुम्हीही एक डबा भरून न्या, पोळीभाजी चालेल, थालीपीठ तर फारच छान, गार झालं तरी चांगलं लागतं.