वासुदेव संतू गायतोंडे

गायतोंडे, वासुदेव संतू : (२ नोव्हेंबर १९२४ – १० ऑगस्ट २००१). आधुनिक भारतीय चित्रकलेत वस्तुनिरपेक्ष (कोणत्याही वस्तूवर आधारित नसलेल्या) चित्रणाची वाट पाडणारे आणि अखेरपर्यंत त्याच वाटेने गेलेले श्रेष्ठ चित्रकार. मूळचे गोमंतकीय असलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म नागपूर येथे झाला, तर त्यांची वाढ मुंबईत, गिरगावातील चाळीत झाली. सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९४८ मध्ये चित्रकलेची पदविका घेतली. तेथे जगन्नाथ अहिवासी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी भित्तिचित्रे व लघुचित्रे यांच्या भारतीय परंपरेचा अभ्यास केला. सपाट रंगक्षेत्रे, नेमकी रेषा आणि छायाप्रकाशावाचून साधलेली रचना हे या अभ्यासातून मिळालेले संस्कार त्यांच्या आरंभीच्या मनुष्याकृतिप्रधान चित्रांत स्पष्ट दिसतात.

सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे या कलावंतांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’शी गायतोंडे १९५० मध्ये जोडले गेले आणि पुढे ‘बॉम्बे ग्रुप’मध्येही त्यांचा सहभाग होता. तथापि गटाच्या नावावरून त्यांच्या चित्रांचा अर्थ लावणे फारसे उपयोगी नाही. त्यांच्या समकालीनांपैकी बहुतेकांनी मनुष्याकृती, निसर्गदृश्य किंवा प्रतीक यांपैकी कशाचा तरी आधार शेवटपर्यंत राखला. गायतोंडे यांनी तो आधार सावकाश, पण पूर्णपणे सोडला. या प्रवासात स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले यांच्या चित्रांनी त्यांना मोठी मदत केली. क्ले यांच्या चित्रांत रेषा कशाची तरी बाह्याकृती असण्याच्या कामातून मोकळी होते, आणि १९५० नंतरच्या गायतोंडे यांच्या जलरंगचित्रांतही आकृती हळूहळू चिन्हांत व चिन्हे रंगाच्या तुकड्यांत विरत गेलेली दिसतात. १९५७ मध्ये टोकिओ येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. त्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या चित्रांतून ओळखू येणाऱ्या वस्तू जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या.

त्या काळात वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची चित्रशाळा होती. चित्रकार, संगीतकार व रंगकर्मी यांना एकाच छपराखाली काम करता येईल, अशी ही वास्तू होती. रविशंकर, इब्राहिम अल्काझी, हुसेन अशी मंडळी तेथे वावरत असत. नसरीन मोहमदी या पुढे ख्यातनाम झालेल्या चित्रकर्तीला येथेच गायतोंडे यांचा सहवास लाभला आणि तिच्या रेखाचित्रांतील संयमाशी त्या सहवासाचे नाते जोडले जाते.

गायतोंडे यांना आपल्या चित्रांसाठी ‘अमूर्त’ हा शब्द मान्य नव्हता. ते त्यांना वस्तुनिरपेक्ष म्हणत. हा केवळ शब्दाचा आग्रह नव्हता. अमूर्तीकरणात सुरुवातीला झाड, चेहरा, डोंगर असे काहीतरी असते आणि चित्रकार त्यातला तपशील गाळत जातो, म्हणजे चित्राच्या मुळाशी ती वस्तू राहतेच. गायतोंडे यांच्या चित्राच्या आरंभी अशी वस्तू नसते. त्यामुळे त्यांच्या कॅनव्हासमध्ये समुद्र, क्षितिज किंवा धुके शोधणारा प्रेक्षक चित्रकाराने न घेतलेली वाट धरतो. आडव्या पट्ट्यांची रचना असलेल्या १९६० च्या सुमाराच्या चित्रांपुढे तसे वाटणे स्वाभाविक आहे, हे मात्र मान्य करायला हवे. झेन विचार, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज व जे. कृष्णमूर्ती यांच्या शिकवणुकीची त्यांना ओढ होती. पण त्यांच्या चित्रांत कोणतेही धार्मिक चिन्ह नाही, आणि ही चित्रे म्हणजे एखाद्या तत्त्वज्ञानाचे चित्ररूप स्पष्टीकरण असे समजणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. या विचारांचा खरा ठसा त्यांच्या काम करण्याच्या रीतीवर उमटला आहे.

ती रीत जवळून पाहण्यासारखी आहे. ब्रशाचा फटकारा चित्रकाराच्या हाताची सही सांगतो. गायतोंडे यांनी तो मागे सारला आणि रोलर व पॅलेट नाइफ (रंग लावण्याची व खरवडण्याची सुरी) ही साधने जवळ केली. पातळ केलेल्या तैलरंगाचा एक थर रोलरने पसरायचा, तो पुरेसा वाळू द्यायचा, त्यावर दुसरा थर द्यायचा, मग सुरीने काही भाग खरवडून खालचा रंग वर येऊ द्यायचा, असे ते थरावर थर चढवत व उतरवत. पुढच्या काळात त्यांनी वर्तमानपत्रे व मासिके यांच्या कागदांचे फाडलेले वा कापलेले तुकडे वापरले. कागदाला रंग लावून तो कॅनव्हासवर दाबायचा आणि उचलून घ्यायचा, म्हणजे मागे उरतो तो कडा झिजलेला, अर्धवट उमटलेला आकार. दुरून हे आकार एखाद्या न वाचता येणाऱ्या लिपीतील अक्षरांसारखे भासतात. जवळ गेल्यावर ते रंगाच्या आत कुठेतरी तरंगताना दिसतात, कारण त्यांच्या खाली आणि वर दोन्हीकडे पारदर्शक थर असतात. चित्रातून प्रकाश बाहेर येतो आहे, असे जे वाटते, ते या थरांमुळे. या पद्धतीत योगायोगाला जागा आहे, परंतु काय ठेवायचे व काय पुसायचे हा निर्णय पूर्णपणे चित्रकाराचा असतो.

या निर्णयाला वेळ लागे. ते वर्षाकाठी ५-६ कॅनव्हासच पूर्ण करीत, आणि रिकाम्या कॅनव्हासपुढे बसून राहण्याचा काळ प्रत्यक्ष रंगवण्याच्या काळापेक्षा कितीतरी मोठा असे. त्याला आळस किंवा लहर म्हणता येणार नाही. थर वाळेपर्यंत थांबणे ही जशी तंत्राची गरज होती, तसेच चित्र मनात आपसूक आकार घेईपर्यंत थांबणे हाही त्यांच्या लेखी कामाचाच भाग होता.

अमेरिकन चित्रकार मॉरिस ग्रेव्ह्ज यांनी १९६३ मध्ये भारतभेटीत त्यांची चित्रे पाहिली आणि न्यूयॉर्क येथील विलर्ड गॅलरीकडे त्यांची मनापासून शिफारस केली. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर गायतोंडे न्यूयॉर्कला गेले. तेथील अमूर्त अभिव्यक्तिवादी (वस्तूंऐवजी रंग व आकार यांतूनच भाव व्यक्त करणारी) चित्रकला त्यांनी समक्ष पाहिली, आणि त्या परंपरेतील अमेरिकन चित्रकार मार्क रॉथको यांच्याशी त्यांची तुलना तेव्हापासून आजतागायत होत आली आहे. ती अपुरी आहे. रॉथको यांची मोठी रंगक्षेत्रे प्रेक्षकाला वेढून टाकतात. गायतोंडे यांचे कॅनव्हास त्यामानाने आटोपशीर असतात आणि प्रेक्षकाला पृष्ठभागावरील बारीकसारीक घडामोडींकडे ओढून घेतात. शिवाय अमेरिकेला जाण्यापूर्वीच त्यांची दिशा ठरलेली होती. परतल्यानंतरचा लक्षणीय बदल म्हणजे १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची चित्रचौकट आडवी न राहता उभी झाली. सुमारे दीड मीटर उंच व एक मीटर रुंद असा आकार पुढे अनेक चित्रांत आढळतो.

१९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर ते दिल्लीला स्थायिक झाले आणि निजामुद्दीन भागातील लहानशा जागेत एकटेच राहू लागले. १९८४ मध्ये झालेल्या अपघातात त्यांच्या मानेला दुखापत झाली आणि मोठ्या कॅनव्हासचे काम काही वर्षे थांबले. या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान चित्रे केली. मोजक्या काळ्या खुणा आणि भरपूर कोरी जागा असलेली ही चित्रे कॅनव्हासइतक्याच गांभीर्याने पाहायला हवीत. पुढे ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. १९९० च्या दशकातील मोजक्या कॅनव्हासनंतर मात्र त्यांनी रंगवणे थांबवले.

हयातीत त्यांची चित्रे जाणकारांच्या लहान वर्तुळापलीकडे फारशी पोहोचली नाहीत. २०१३ मध्ये मुंबईत झालेल्या लिलावात त्यांचे १९७९ मधील एक चित्र २३.७ कोटी रुपयांना विकले गेले आणि वृत्तपत्रांत त्यांचे नाव आकड्यांसह झळकू लागले. त्याहून महत्त्वाची घटना पुढच्या वर्षीची, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये भरवलेले त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन ही होय. हे प्रदर्शन नंतर व्हेनिस येथेही गेले. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत, आणि ती प्रत्यक्षच पाहावीत. छापील प्रतिकृतीत थरांची खोली सपाट होऊन जाते.

त्यांच्या बहुतेक चित्रांना शीर्षक नाही. दर्शनी बाजूवर सहीसुद्धा सहसा नसते. कॅनव्हास उलटला की पाठीमागे वर्ष आढळते, आणि अनेक चित्रांवर इंग्रजीसोबत देवनागरीत केलेली सही.