लिग्नम व्हायटी: घेण्याआधी हे वाचावं
(कातकाम आणि सुतारकाम करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी, सावंतवाडी)

वखारीच्या मागच्या बाजूला, जिथे ऊन पोचत नाही तिथे, ओल्या गोणपाटाखाली काळपट-हिरव्या ठोकळ्यांची एक छोटी रास आहे. ते लिग्नम व्हायटी. रास छोटी आहे आणि छोटीच राहणार आहे. हे पत्रक पुरतं वाचा. वाचून झाल्यावर आपल्या कामाला चिंच किंवा बाभूळ पुरेल असं वाटलं तर तेच घेऊन जा, अशी मनापासून विनंती. या लाकडाचा धंदा फार करावा असं आम्हाला वाटत नाही. ते योग्य कामाला लागावं, एवढं मात्र फार वाटतं.

झाड कुठलं

हे झाड आपल्याकडचं नव्हे. कॅरिबियन बेटं, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर किनारा हा त्याचा मुलूख. ग्वायकम ऑफिसिनाले आणि ग्वायकम सँक्टम या दोन जातींचं लाकूड बाजारात या नावाने ओळखलं जातं. पहिल्या जातीचं निळं फूल जमैकाचं राष्ट्रीय फूल आहे, तर दुसरी जात बहामाचा राष्ट्रीय वृक्ष. झाड लहानखुरं असतं आणि वाढतं अतिशय सावकाश, त्यामुळे रुंद फळी यातून निघतच नाही. गंमत अशी की हे आपल्या सराट्याच्या कुळातलं. शेताच्या बांधावर पायात घुसणारा तो काटेरी गोखरू आणि हे पोलादी झाड एकाच कुटुंबातले.

वजन आणि राळ

कोरडं लाकूड घनफुटाला साधारण ३५ किलो भरतं. साग १८-१९ किलोच्या आसपास असतो, म्हणजे वजन जवळजवळ दुप्पट. कठीणपणा सागाच्या सुमारे चौपट. गोड्या पाण्यात टाका, खाऱ्या पाण्यात टाका, ते तळाशीच जातं. म्हणून आम्ही ते घनफुटावर न विकता वजनावर विकतो. जगभर जुनी पद्धत हीच आहे.

पण खरा गुण वजनात नाही, राळेत आहे. लाकडाच्या वजनाचा बराच मोठा भाग राळेचा असतो आणि ती आत सगळीकडे मुरलेली असते. तुकडा हातात घेतला की मेणचट लागतो, थोडा घासला की मंद सुगंध येतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले तर हीच राळ वंगणाचं काम करते. तेल नको, ग्रीस नको, आणि पाण्यात तर ते आणखी चांगलं चालतं. लाकडाचे धागे एकाआड एक उलट दिशेने गुंफलेले असतात, त्यामुळे कुऱ्हाड मारली तरी सरळ चीर जात नाही.

ताजा कापलेला तुकडा तपकिरी-पिवळट दिसतो. उजेडात ठेवला की हळूहळू हिरवा होत जातो, कारण राळेचा हवेशी आणि प्रकाशाशी संयोग होतो. राळेचा हा रंग बदलण्याचा स्वभाव डॉक्टरांनीही उपयोगात आणला. शौचातलं न दिसणारं रक्त ओळखण्याची ग्वायॅक चाचणी याच झाडाच्या राळेवर चालते. राळ लावलेल्या कागदावर पेरॉक्साइडचा थेंब टाकला आणि नमुन्यात रक्त असलं, तर निळा रंग उमटतो.

जहाजांशी नातं

आपण किनाऱ्यावरची माणसं, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो.

शिडांच्या काळात जहाजावर शेकडो कप्प्या लागत. कप्पीच्या आतलं चाक, ज्यावरून दोर फिरतो, ते लिग्नम व्हायटीचं असे. इंग्लंडात पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेलने यंत्रांवर कप्प्या बनवण्याचा कारखाना उभा केला. १८०८ साली तिथून वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या निघत होत्या. बाहेरचं कवच एल्म लाकडाचं आणि चाक याचं.

मग आगबोटी आल्या, आणि त्यांच्याबरोबर पाण्याखाली फिरणारा पंखा. पंख्याचा शाफ्ट जिथून बोटीबाहेर येतो तिथलं बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात टेकून फिरतो ती नळी, ही मोठी डोकेदुखी होती. पितळेवर लोखंडी शाफ्ट फिरवला की थोड्याच दिवसांत ते झिजून पडे. १८५४ मध्ये जॉन पेन या इंग्रज इंजिनिअरने तिथे या लाकडाच्या पट्ट्या बसवल्या. पितळी नळीच्या आत खाचा, खाचांत लाकडाच्या पट्ट्या, पट्ट्यांमधून समुद्राचं पाणी वाहतं ठेवलेलं. पाणी हेच वंगण. यानंतर शंभराहून अधिक वर्षं जगभरच्या जहाजांचे शाफ्ट या लाकडात फिरत होते. पुढे तेलात फिरणारी धातूची बुशं आणि रबराची बुशं आली, तेव्हा लाकूड मागे पडलं. आज आपल्या मालवण, वेंगुर्ल्याच्या ट्रॉलरच्या तांडेलाला विचारलं तर तो रबरी बुशच दाखवील. पण अमेरिकेत सस्क्वेहाना नदीवरच्या कोनोविंगो वीजकेंद्राच्या टर्बाइनांना १९२८ साली हीच लाकडी बुशं बसवली होती. पाण्यात फिरणाऱ्या आसाला हे लाकूड किती पेलतं, याला याहून मोठा दाखला आमच्याकडे नाही.

याच्या आधीचा एक दाखला मात्र आम्हाला त्याहून प्रिय आहे, कारण तो एका सुताराचा आहे. जॉन हॅरिसन, ज्याने पुढे समुद्रावर रेखांश काढता येईल असं घड्याळ बनवलं, तो मुळात सुतारकाम करणारा. १७२२ च्या सुमारास त्याने ब्रॉकल्सबी पार्क इथल्या तबेल्याच्या मनोऱ्यासाठी लाकडी घड्याळ बनवलं आणि घासणाऱ्या जागी लिग्नम व्हायटी वापरलं. त्या काळची तेलं लवकर चिकट होत आणि घड्याळ अडे. याला तेलच लागत नव्हतं. ते घड्याळ आजही चालतं.

आमच्याकडचा माल कुठून येतो

नवीन तोडीचा माल आम्ही आणत नाही. आमच्याकडे येतं ते जुन्या जहाजांच्या बुशांमधून निघालेलं लाकूड, मुंबईत दारुखान्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून घेतलेलं. त्यामुळे बहुतेक माल लांब, जाड पट्ट्यांचा आहे. मोठा वाडगा होईल असा ठोकळा कधीतरीच हाती लागतो.

अशा मालाला दोन गोष्टी जपाव्यात. पहिली, शाफ्टच्या बाजूच्या पृष्ठभागात बारीक रेती रुतलेली असते. चांगली पटाशी त्यावर घालू नका. जुन्या पात्याने किंवा हॅक्सॉने वरचा थर आधी काढून टाका. दुसरी, आत पितळी स्क्रू राहिलेला असू शकतो. पितळ चुंबकाला लागत नाही, म्हणून चुंबक फिरवून निर्धास्त होऊ नका. पितळेचा गंजही हिरवा आणि लाकूडही हिरवट, त्यामुळे नुसत्या नजरेने चटकन कळत नाही. संशय आला तर त्या जागी सुई टोचून बघा, किंवा तुकडा आमच्याकडे घेऊन या. आमच्याकडे मेटल डिटेक्टर आहे, तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

काही ठिकाणी वेरावुड किंवा अर्जेंटाइन लिग्नम व्हायटी या नावाने बल्नेसिया वंशातल्या झाडांचं लाकूड विकलं जातं. ते याचंच भावंड आहे, चांगलं आहे, पाण्यात बुडतंही. म्हणून 'बुडालं म्हणजे खरं' हा कस पुरेसा नाही. आमच्याकडे ते आलं तर वेगळ्या नावाने आणि वेगळ्या भावाने ठेवतो.

कोकणच्या हवेत सांभाळायचं कसं

इथला पावसाळा बहुतेक लाकडांना नडतो, याला नडत नाही. जहाजातलं लाकूड वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेलं असतं. ते एकदम सुकलं की तोंडाला तडे जातात. जुन्या गोद्यांमध्येही पट्ट्या ओल्या ठेवत, त्यामागचं कारण हेच. त्यामुळे याचा धोक्याचा काळ आषाढ-श्रावण नसून चैत्र-वैशाख आहे. त्याहून धोक्याचं म्हणजे घाटावर नेणं. इथे भर पावसात कातलेली वस्तू मे महिन्यात पुण्याला किंवा सोलापूरला गेली की फुटण्याची भीती असते. एसी लावलेल्या दुकानात मांडली तरी तेच.

घरी नेल्यावर दोन्ही तोंडांना मेण फासा. मेण नसेल तर जुना ऑइलपेंट चालेल. उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवू नका. वस्तू बनवायची असेल तर आधी जाडसर कातून घ्या, त्याच लाकडाच्या भुशाबरोबर कागदी पिशवीत बांधून सावलीत ठेवा, मग अधूनमधून वजन करत राहा. वजन उतरायचं थांबलं की शेवटचा हात द्या. घाई असणाऱ्याने हे लाकूड घेऊ नये.

झाडाचा गाभा असलेला तुकडा हमखास तडकतो. आम्ही तो कापूनच काढतो, पण कुणी दुसरीकडून घेत असेल तर तोंडाकडे नीट बघून घ्यावं.

लेथवर

हायस्पीड स्टीलची हत्यारं वापरा आणि दर थोड्या वेळाने धार लावा. गती मध्यम ठेवा. धार बसली की हत्यार कापायचं सोडून घासू लागतं, लाकूड तापतं आणि बारीक तडे जातात. उलटसुलट धाग्यांमुळे गौजने कधीकधी कपचे उडतात, अशा वेळी धारदार स्क्रॅपर जास्त भरवशाचा. चांगलं कातलं की पृष्ठभाग हत्याराखालूनच चकचकीत निघतो, पॉलिश पेपरला फार काम उरत नाही. पेपर लावलाच तर तो राळेने लगेच गच्च भरतो. नवा घ्या, हलका हात ठेवा, तापू देऊ नका.

फेसप्लेटला गोंदाने चिकटवून कातायचा विचार करू नका. राळेमुळे गोंद धरत नाही, आणि एवढं वजन सुटलं तर माणूस जायबंदी होईल. चकमध्ये बसेल असा खुंट ठेवूनच काता. जिथे चिकटवल्यावाचून गत्यंतर नाही, उदाहरणार्थ रंध्याच्या तळाला पट्टी लावताना, तिथे पृष्ठभाग एसीटोनने पुसून लगेच इपॉक्सी लावा.

भुसा नाकात गेला की शिंका येतात, काहींच्या कातडीला खाज सुटते. मास्क लावा. पंखा पाठीमागून येईल असा ठेवा.

वरून तेल लावू नका. जवसाचं तेल किंवा डॅनिश ऑइल यावर नीट सुकतच नाही, राळ त्याला सुकू देत नाही. कोरड्या सुती कापडाने जोर लावून घासलं की पुरे. फार तर थोडं मेण. आणि चितारआळीच्या आमच्या कारागीर मित्रांना एक आपुलकीचा शब्द: यावर लाख चढवू नका. लाखेचे रंग पांगाऱ्यावर आणि आंब्यावर जसे खुलतात तसे जगात कुठे खुलत नसतील. हे लाकूड झाकायचं नसतं.

कशाला घ्यावं

सर्वांत चांगला उपयोग म्हणजे कोरीव कामाची मोगरी. डोकं लहान ठेवूनही वजन पुरतं, त्यामुळे बारीक कामात हात दमत नाही. दांडा याचाच करू नका, धामणाचा करा, त्याला लवचीकपणा आहे. त्यानंतर रंध्याचा तळ, होडीच्या कप्पीचं चाक, रहाटाच्या आसाचं बुश. जिथे घासणं आहे आणि पाणी आहे, तिथे हे लाकूड आपल्या घरी आल्यासारखं काम करतं. भोवरा उत्तम होतो, फक्त अंगणातच फिरवा, घरातली फरशी जाईल. क्रिकेटच्या जड बेल्सही होतात. इंग्लंडमध्ये फार वारा असलेल्या दिवशी पंच याच लाकडाच्या बेल्स ठेवत आले आहेत. आपल्या किनाऱ्यावरच्या मैदानांना त्यांचा उपयोग होईल असं वाटतं, कुणाला करून हव्या असतील तर सांगा.

शोभेचा वाडगा, फुलदाणी, पेनस्टँड यासाठी मागितलं तर आम्ही आधी शिसव दाखवू. पोळपाट-लाटणं, चमचे यासाठी देतच नाही. पूर्वी औषधं कुटायचे खल याचे होत हे खरं, पण राळेचा वास आणि चव अन्नाला लागावी हे बरं नाही.

कागदपत्रं

दुर्मीळ वनस्पती आणि प्राण्यांच्या व्यापारावरच्या साइट्स करारात ग्वायकम परिशिष्ट २ मध्ये आहे. सँक्टम ही जात १९७५ पासून, ऑफिसिनाले १९९२ पासून, आणि २००३ पासून संपूर्ण ग्वायकम वंश. म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात नेताना पाठवणाऱ्या देशाचा परवाना लागतो. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या जातींसाठी अनुसूची ४ घातली गेली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. बल्नेसिया सार्मिएन्टोई हे भावंडही २०१० पासून परिशिष्ट २ मध्येच आहे.

आमच्या प्रत्येक बिलावर लाकडाचं शास्त्रीय नाव, वजन आणि ते जुन्या जहाजी सामानातलं असल्याची नोंद असते. बिल जपून ठेवा. आखातात किंवा इतर परदेशी नातेवाइकांना ठोकळा किंवा अर्धवट कातलेला तुकडा पाठवायचा असेल, तर सामानात टाकून देऊ नका. किरकोळ विक्रीसाठी बांधून तयार असलेल्या पूर्ण वस्तूला करारात सूट आहे, कच्च्या लाकडाला नाही, मग ते कितीही जुनं असो. पाठवण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा.

काम झाल्यावर उरलेले तुकडे चुलीत घालू नका. अंगठ्याएवढ्या तुकड्यातूनही कप्पीची खुंटी किंवा बेल निघते. मेण लावून परत आणा, बिल दाखवा, घेतलेल्या भावाच्या निम्म्याने आम्ही वजनावर परत घेतो.